गंगापुरातील उमेदवारी

गोदावरीच्या उत्तर तीरावर, कायगावच्या प्रवरासंगमापासून लासूरच्या रेल्वे स्थानकापर्यंत पसरलेल्या गंगापूर तालुक्याचा इतिहास सांगू लागणारा मनुष्य बहुधा नदीकाठच्या देवालयांपासून आरंभ करतो आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतीपाशी येऊन थांबतो. परंतु या दोहोंच्या मधल्या काळात ज्यांनी महसुलाची खाती राखली, बाजारातला जमाखर्च लिहिला आणि पुढे यंत्रे चालवली, त्या सामान्य चाकरवर्गाला त्याचे काम शिकवले कोणी, त्या शिकवण्याचा खर्च सोसला कोणी आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

वास्तविक चाकरीतल्या शिक्षणाचा विचार या मुलखाला अपरिचित नव्हता. गंगापूरहून फार दूर नसलेल्या देवगिरीवर तेराव्या शतकात यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री बसत होता. पत्रे व हिशेब कसे लिहावेत याचे नियम सांगणारी जी ‘मेस्तके’ पुढे कारकुनांच्या घराघरांतून नकलून ठेवली गेली, ती परंपरेने त्याच्याच नावावर चालत आली. मोडी लिपी त्यानेच आणली, हा लोकसमज विद्वानांना मान्य नसला, तरी दौलतीचे लेखन हे एकेका माणसाच्या लहरीवर न सोडता नियमाने शिकवावयाचे असते, एवढी जाणीव त्या काळी झाली होती, असे मानावयास हरकत नाही. जांब येथे जन्मलेल्या रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाला ‘शिकवण’ हे नाव देऊन त्याचा पहिलाच समास लेखनक्रियेला अर्पण केला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारे एकाच लेखणीने उतरल्यासारखे दिसावे, असा कटाक्ष ठेवला. पारमार्थिक ग्रंथात कारकुनी शिक्षणाला मिळालेले हे स्थान आमच्या टीकाकारांनी जितके पाहावयास हवे होते तितके पाहिलेले नाही.

याच देवगिरीच्या, म्हणजे पुढच्या दौलताबादेच्या, किल्ल्यावर किल्लेदार जनार्दनस्वामींच्या पदरी पैठणचे एकनाथ हिशेबाचे काम करीत होते. एके रात्री ताळा जमेना, एका पैचा फरक राहिला, तेव्हा ते पहाटेपर्यंत खाती चाळीत बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले. त्यावर स्वामींनी, एवढी एकाग्रता परमार्थात लावलीस तर काय साधणार नाही, असा बोध केला, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. कीर्तनकार तिच्या उत्तरार्धावर रंगतात, आणि ते रास्तच आहे. मला मात्र पूर्वार्ध अधिक मोलाचा वाटतो. चाकराने चूक शोधावी आणि धन्याने त्या शोधण्याच्या रीतीकडे पाहून त्याला पुढची वाट दाखवावी, असा संबंध पुढच्या तीन शतकांत फार विरळा आढळतो.

कारण पुढे हे शिक्षण वतनात बंदिस्त झाले. गावच्या कुळकर्ण्याच्या घरी मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की बोरू तासणे, कागदावर आधी आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली मोडी अक्षरे लटकवत जाणे, येथून त्याचा पाठ सुरू होई. नंतर वडिलांनी सांगितलेला खर्डा उतरणे, कीर्दीतील रकमा खतावणीत नेणे, तेरीज काढणे आणि शेवटी, फार विश्वास बसल्यावर, फडक्यात बांधलेले दफ्तराचे जुने रुमाल सोडून कोणत्या शेताचा कागद कोणत्या गाठीत आहे हे मुखोद्गत करणे. या विद्येस ना शाळा होती ना परीक्षा, आणि तिच्यात कसबाची उणीव होती असेही कोणी म्हणू नये. शे-दीडशे वर्षांपूर्वीचे कित्येक कागद आजही असे स्वच्छ व रेखीव दिसतात की हल्लीच्या टंकलिखित नकलांनी मान खाली घालावी. परंतु ही सगळी विद्या घराची होती. कुळकर्णी शिकला म्हणून गावाचा कारभार सुधारला असे झाले नाही; उलट ज्या रयतेला मोडी वाचता येत नव्हते तिला आपल्याच जमिनीचा आकार त्याच्या तोंडून ऐकावा लागे, आणि जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जी चीड व्यक्त केली तिचे एक मूळ या एकाधिकारात होते.

गंगापूर निजामाच्या राज्यात होते, म्हणून येथील चाकरीला आणखी एक वळण मिळाले. 1853 मध्ये दिवाणपदावर आलेल्या सालारजंगांनी महसुलाची मक्तेदारी मोडून पगारी अंमलदार नेमले आणि 1865 मध्ये जिल्हाबंदी करून जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार अशी शिस्तशीर उतरंड बसवली. आता पगारी अंमलदार हवे तर ते शिकलेले हवेत. पण राज्यातल्या तरुणांना शिकवून तयार करेपर्यंत थांबण्याइतकी सवड कोणाला? तेव्हा उत्तर हिंदुस्थानातून आणि इंग्रजी अमलातल्या प्रांतांतून तयार माणसे आणली गेली. कारभार तात्काळ सुधारला, हे निर्विवाद. परंतु तयार कसब बाहेरून विकत घेण्याची किंमत राज्याने पुढे पन्नास वर्षे मोजली. मुलकी आणि गैरमुलकी हा वाद दरबारापासून कचेरीपर्यंत धुमसत राहिला, आणि अखेर 1919 मध्ये नोकरीसाठी मुलकी नियम करावे लागले. आपल्या माणसांस शिकवण्याचा खर्च वाचवणाऱ्या धन्याला तो खर्च निराळ्या नावाने भरावा लागतो, याचे याहून ठळक उदाहरण मला आमच्या प्रांताच्या इतिहासात दिसत नाही.

कचेरीची भाषा प्रथम फारसी आणि 1884 च्या सुमारास उर्दू झाली. गावचे दफ्तर मात्र मोडीत राहिले. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी शिरू पाहणाऱ्या मराठी मुलाला दोन लिप्या आणि दोन हिशेबपद्धती साधाव्या लागत, आणि त्या साधण्याचा मार्ग म्हणजे उमेदवारी. पेशकाराच्या हाताखाली बिनपगारी बसावे, मिसली लावाव्या, नकला कराव्या, आवक-जावक बारनिशीत चढवावी, आणि एखादी जागा खाली पडेल या आशेवर वर्षे काढावी. ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न होते त्यालाच ही उमेदवारी परवडत असे. म्हणजे सरकार शिकवीत होते असे म्हणण्यापेक्षा उमेदवाराचे घरच सरकारच्या चाकराला शिकवीत होते, असे म्हणणे अधिक सत्य होईल. लासूरच्या बाजारात अडत्याकडे मुनिमाच्या पायाशी बसणाऱ्या पोराची कथा हीच, फक्त तेथे गादीवर सरकारऐवजी सावकार होता.

या कोंडीतून वाट कशी काढावी हे कोल्हापुरात दिसले. छत्रपती शाहू महाराजांनी पाटलांना त्यांच्या कामाचे रीतसर शिक्षण देणारी शाळा काढली आणि 1918 मध्ये कुळकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. या सुधारणेकडे जातिविषयक न्यायाची बाब म्हणून पाहिले जाते, आणि ती तशी होतीच. तथापि तिच्यात चाकरीविषयीचा एक नवा सिद्धांतही होता. काम जन्माने येत नाही, ते शिकवता येते, आणि ज्याला ते हवे आहे त्या संस्थेने ते शिकवावे. गंगापुरास हा सिद्धांत पोहोचावयाला 17 सप्टेंबर 1948 उजाडून निजामी संपावी लागली आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात यावा लागला. पुढे काही वर्षांतच पटवारी जाऊन तलाठी आले, 1962 च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली आणि रुमालांची जागा गाव नमुन्यांनी घेतली. सातबारा कसा लिहावा हे आता कोणाच्याही मुलाला शिकता येऊ लागले. ही क्रांती इतक्या मुकाट्याने झाली की तिची नोंद घेण्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

कचेरीकडून आता यंत्रांकडे वळताना प्रथम सहकारी साखरधंद्याविषयी थोडक्यात सांगतो. प्रवरेच्या खोऱ्यात लोणीजवळ 1950 मध्ये महाराष्ट्रातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. ते लोण गोदावरी ओलांडून गंगापुरातही आले. साखर नेमकी कोणत्या क्षणी दाणा धरते हे ओळखणारा पॅनमन प्रारंभी अनुभवावरच तयार होत असे. 1975 मध्ये ऊस उत्पादकांच्या कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीस जी संस्था उभारली, आणि जी 1989 पासून वसंतदादांच्या नावाने ओळखली जाते, तिने या अनुभवाला शास्त्राची जोड दिली. गंगापूरचा कारखाना पुढे बंद पडला, पण त्याची कारणे कामगारांच्या कसबात शोधण्यात अर्थ नाही.

मग 1985 साल आले. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. ज्यांच्या बापजाद्यांनी औताखेरीज यंत्र पाहिले नव्हते, अशी गंगापूर, वैजापूर, पैठणकडची मुले खाकी गणवेश चढवून पाळीला जाऊ लागली. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने अशा मुलांना घेणे आणि त्यांना विद्यावेतन देणे कारखानदारावर बंधनकारक केलेच होते. उमेदवारीचे घराणे तेच; फरक इतकाच की आता पोटाला काही मिळू लागले.

फिटरचे शिक्षण ज्याने जवळून पाहिले असेल त्याला ते मोडीच्या वळणाची आठवण करून देईल. पहिले कित्येक दिवस मुलाच्या हाती एक कानस आणि व्हाइसमध्ये आवळलेला लोखंडाचा तुकडा याखेरीज काही पडत नाही. तो घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, कडेखालून प्रकाशाची बारीक रेघ दिसली की तेथे पुन्हा कानस. खांदे भरून येतात, तळव्याला घट्टे पडतात, आणि पृष्ठभाग सपाट झाला असे वाटते न वाटते तोच निदेशक व्हर्निअर लावून मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाचा फरक दाखवतो. यंत्रावर हे काम क्षणात होते, मग हाताने कशाला, असे मुले कुरकुरतात. पण ज्याच्या हाताला सपाटी कळली त्याला यंत्राने केलेली चूक डोळ्यांनी दिसते, आणि नाकारलेल्या मालाचा ढीग दिवसाअखेर कमी करणारा माणूस तोच असतो. जपानी पद्धतीच्या कायझेनची मदार याच माणसावर असते, कारण रोज थोडी सुधारणा सुचवायची तर आधी चूक कोठे आहे ते कळावे लागते.

या व्यवहारात कारखान्याला काय मिळाले ते हिशेबात दिसते: कमी नासाडी, कमी अपघात, वेळेवर माल. कामगाराला मिळाले ते अधिक टिकाऊ होते. परीक्षा देऊन हाती आलेले शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र त्याचे स्वतःचे असते. ते घेऊन तो पुण्याला जाऊ शकतो, स्वतःचा लेथ टाकू शकतो. 1958 मध्ये नागपूरला मुख्यालय ठेवून स्थापन झालेल्या केंद्रीय कामगार शिक्षण मंडळाने तर आणखी एक पाऊल टाकले: संघटनांनी पाठवलेल्या कामगारांमधूनच कामगार-शिक्षक तयार करून त्यांच्याकरवी कारखान्यातच वर्ग चालवले. यंत्राबरोबर कायदा, उत्पादकता आणि स्वतःचे हक्क कामगाराने जाणावेत, ही त्यामागील धारणा होती. अशा शिक्षणाची काही मालकांना धास्ती वाटते. शहाण्या मालकाला वाटत नाही, कारण प्रश्न समजलेल्या माणसाशी तडजोड करणे सोपे असते.

पण शिकवून तयार केलेला माणूस उद्या शेजारच्या कारखान्यात गेला तर काय, ही जी नेहमीची तक्रार ऐकू येते तिचे समाधान वाळूजच्या परिसरातच आहे. तेथे एकाने शिकवलेला दुसऱ्याकडे जातो आणि दुसऱ्याने शिकवलेला पहिल्याकडे येतो. सारेच शिकवीत असतील तर कोणाचेच नुकसान होत नाही. नुकसान तेव्हा होते, जेव्हा शिकाऊ हे नाव देऊन पूर्ण कामगाराचे काम घेतले जाते, निदेशक कागदावरच राहतो, आणि मुदत संपली की त्या जागी नवा शिकाऊ आणून बसवला जातो. असे जेथे चालते तेथे निजामी कचेरीतली बिनपगारी उमेदवारीच थोड्या विद्यावेतनाने परत आली आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. वाळूजच्या कारखानदारांनी आपल्याकडील प्रत्येक शिकाऊ उमेदवाराचे शिकण्याचे तास कामाच्या तासांपासून वेगळे लिहून ठेवावेत आणि ती वही त्या मुलाला वाचावयास द्यावी. एवढे केले तरी कोण खरोखर शिकवतो आणि कोण नुसते राबवून घेतो, हे वर्षभरात उघड होईल.