फेट्यातला माईक

तर मंडळी, या वीकेंडला कोड नाही, सिनेमा नाही, माईक! झालं काय, की आमच्या गावचं नाट्यमंडळ (कर्जत तालुका, उल्हास नदीचा काठ) दरवर्षी चैत्रातल्या जत्रेला ऐतिहासिक नाटक करतं. मी पुण्यात कंप्युटरवर पोट भरतो, आणि गावच्या हिशोबाने ज्याला कंप्युटर कळतो त्याला वायर लावलेलं सगळंच कळतं. वर्गणीचे ४५,००० रुपये माझ्या हातात देऊन मंडळी मोकळी झाली.

खरा प्रश्न पैशांचा नव्हताच, काकांचा होता. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, वय ७१. चाळीस वर्षं शहाजीराजे तेच करतात. आजारपणानंतर आवाज बारीक झाला, आणि गेल्या वर्षी मागच्या रांगेतल्या बायका दुसऱ्या अंकात उठून पाळण्यांकडे गेल्या. पोरं आपसात बोलू लागली की भूमिका आता दुसऱ्याला द्यावी. काकांच्या कानावर ते गेलंच. मला फोनवर एवढंच म्हणाले, "बाळा, तू बघ काय होतंय का."

आता थोडा इतिहास. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' केलं. माईक नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये तिकडे वॉशिंग्टनला हार्डिंगसाहेबांचं शपथविधीचं भाषण ध्वनिवर्धकावरून गर्दीला ऐकवलं गेलं होतं, पण ते तंत्र आपल्या रंगमंचापासून लांब होतं. आपल्याकडे आवाज फेकणं हीच नटाची पहिली पात्रता. पुढे १९३३ ला नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' आणलं आणि नट घरात बोलतात तसं बोलू लागले. माझ्या मते माईकची गरज खरी तिथे सुरू झाली. माणसासारखं बोलायचं आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जायला हवं, हे दोन्ही एका गळ्याला कसं जमणार? (१९७४ नंतर छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिकवाल्यांनी उलटं उत्तर काढलं. प्रेक्षकच जवळ बसवले!)

आमच्या भागात तर आणखी गंमत. खोपोलीचं टाटांचं वीज केंद्र १९१५ चं. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचं पाणी घाटावरून सुमारे ५०० मीटर खाली आणून वीज केली, ती गेली मुंबईच्या गिरण्यांना. पाणी तेवढं पाताळगंगेत सोडलं :-) काका सांगतात, त्यांच्या लहानपणी आमच्या गावात नाटक गॅसबत्तीच्या उजेडात व्हायचं आणि अ‍ॅम्प्लिफायर आला तोही मोटारीच्या बॅटरीवर. मग वीज आली, मंडपवाला आला, आणि त्याच्याबरोबर आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि बांबूवर बांधलेले कर्णे. स्टेजवर आडव्या वायरला तीन माईक लटकवायचे. नट त्या तीन ठिकाणी येऊनच बोलणार. आमच्या मंडळात आजही दिग्दर्शक "माईकखाली ये" असंच ओरडतो. माईक कुठे आहे यावरून नाटकाच्या हालचाली बसवलेल्या!

दोन वर्षांपूर्वी मी शहाणपणा करून चार कॉलर माईक भाड्याने आणले होते. अंगरख्याच्या आत लावले, तर संवादांपेक्षा जरीची खसखस जास्त. नटाने मान वळवली की आवाज गायब. त्यात कर्ण्याने शिट्टी मारली, आणि लोकांनीही मारल्या. असो.

यंदा मात्र गणित मांडून बसलो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. लटकता माईक तोंडापासून २४० सेंटिमीटरवर, कपाळावरचा १५ वर. म्हणजे चार वेळा दुप्पट, २४ डेसिबलचा फरक. ही तूट अ‍ॅम्प्लिफायर चढवून भरायला गेलात की शिट्टी ठरलेली. शिवाय चालू माईकांची संख्या दुप्पट केली की शिट्टीपर्यंतची आणखी ३ डेसिबल जागा जाते. म्हणून चौदा पात्रांना चौदा माईक हा विचार तिथेच मेला. पैसेही नव्हते म्हणा.

गाण्याचा म्हणून जो शुअरचा एसएम-५८ (१९६६ चा, अजून चालतोय) सगळ्यांना माहीत असतो, तो ओठांजवळ धरायचा. शहाजीराजांच्या हातात तो देणार कसा? उपयोगी पडतो तो इलेक्ट्रेट. १९६२ ला बेल लॅब्जमध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी काढलेला हा प्रकार, आज आपल्या हेडफोनच्या वायरीत असतो. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मोठ्या नाटकांत तो केसांच्या रेषेवर चिकटवतात. आमच्याकडे केसांचा प्रश्न होता, पण फेटा होता! फेट्याच्या काठाखाली, कपाळाच्या मधोमध. मान वळली तरी माईक बरोबर वळतो. फक्त घाम आत जाऊ नये म्हणून बारीक टोपी.

शेवटी ठरलं ते असं. वायरलेस दोनच, एक काकांना आणि एक जिजाऊंना. बाकीच्यांसाठी स्टेजच्या पुढच्या कडेला दोन बाउंड्री माईक, फळ्यांवरची धडधड येऊ नये म्हणून गोणपाटाच्या घडीवर. एक जुना वायरलेस सेट अगदी स्वस्तात मिळत होता, पण तो ७०० मेगाहर्ट्झचा, आणि तो पट्टा २०२२ च्या लिलावात ५जी साठी विकला गेलाय. सोडला. आणि मिक्सरवर संहिता घेऊन एक पोरगी बसवली. ज्याचं वाक्य त्याचाच माईक वर, बाकी खाली. माझ्या मते सगळ्यात मोलाची खरेदी ती, आणि फुकट.

परवानगी बाराची होती, सव्वानऊला पडदा उघडला. दुसऱ्या अंकात काका कैदेतल्या प्रवेशात हळू बोलले. गेली चाळीस वर्षं ते हे वाक्य ओरडून म्हणायचे. मी मुद्दाम मागे पाळण्यांजवळ उभा होतो. बायका बसलेल्या होत्या. एकीने पोराला गप्प केलं.

बाउंड्री माईकने प्रॉम्प्टरची कुजबुजही इमानदारीत सगळ्या गावाला ऐकवली, ते पुढच्या वर्षी बघू. काका मेकअप उतरवताना म्हणाले, "आवाज खांबावरनं येतो रे, आपला वाटत नाय." मग जरा थांबून, "सेल किती वेळ चालतात याचे?"