बर्फावरचा एक तास



आपल्याकडे बर्फ म्हटलं की आठवते ती बर्फाची लादी. करंजाच्या बंदरावर, पनवेलच्या मासळी बाजारात भुशात गुंडाळलेली लादी येते, कोळीण ती फोडते आणि मासळीवर चुरा टाकते. 1830 च्या दशकात तर मुंबईला अमेरिकेतून जहाजानं बर्फ यायचा. तिकडच्या गोठलेल्या तळ्यांवरून कापून आणलेला. आज मी तुम्हाला सांगणार आहे त्या तळ्यांवर, तशाच बर्फावर खेळणाऱ्या मुलींची गोष्ट. त्या कॉलेजात शिकणाऱ्या मुली होत्या. त्यांना खेळायला बर्फावरचा आठवड्यातला एखादा तास हवा होता. तो मिळवायला आणि टिकवायला शंभर वर्षं लागली.

आधी खेळ समजून घेऊ. नाव आइस हॉकी. पायात बुटाखाली पोलादी पातं लावलेले स्केट, हातात वाकडी काठी. चेंडूऐवजी रबराची टणक चकती असते. कॅरमच्या स्ट्रायकरसारखी गोल, पण त्याहून मोठी आणि चांगली अडीच सेंटिमीटर जाड. प्रत्येक संघाच्या सहा जणी बर्फावर असतात, त्यातली एक गोल राखते. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. चकती इतक्या वेगानं येते की तोंडावर बसली तर दात जागेवर राहत नाहीत. हे दातांचं लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

हा खेळ वाढला कॅनडा देशात. तिथे हिवाळ्यात नद्या-तळी महिनोन् महिने गोठलेली असतात. 3 मार्च 1875 रोजी मॉन्ट्रियल शहरात छपराखालच्या बर्फाच्या मैदानावर आइस हॉकीचा सामना झाला. बंदिस्त जागेतला, लोकांनी तिकडे बसून पाहिलेला हा पहिला सामना मानतात. त्याच शहरात मॅकगिल विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी हा खेळ उचलून धरला. विद्यार्थी म्हणजे अर्थातच मुलगे. मुलींना त्या विद्यापीठात प्रवेशच नव्हता.

तो मिळाला 1884 साली. डोनाल्ड स्मिथ नावाच्या श्रीमंत माणसानं मुलींच्या शिक्षणासाठी पैसे दिले, म्हणून या मुलींना सगळे ‘डोनाल्डा’ म्हणू लागले. त्यांचे वर्ग वेगळे भरायचे. आपल्याकडे हेच दिवस कसे होते पाहा. 1886 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, आणि विधवा मुलींनी शिकावं की नाही यावर इकडे वर्तमानपत्रं भांडत होती. साधारण त्याच सुमारास कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, तिथल्या गव्हर्नर जनरलची मुलगी इझाबेल स्टॅन्ली वाड्याच्या आवारातल्या बर्फावर मैत्रिणींबरोबर हॉकी खेळत होती. तिच्या वडिलांनी पुढे दिलेला चषक आजही पुरुषांच्या हॉकीतला सगळ्यांत मोठा मान आहे. त्याला म्हणतात स्टॅन्ली चषक. मुलगी खेळली, चषक मात्र पुरुषांच्या नावानं गेला.

इझाबेलचं ठीक होतं, तिच्या घरचंच अंगण होतं. कॉलेजातल्या मुलींनी काय करावं? त्यांनी मागणी केली. 1890 च्या दशकात मॅकगिलच्या मुलींना बर्फ मिळाला, पण अटी घालून. कपडे उबदार आणि सोयीचे हवेत. तो वेळ फक्त मुलींसाठी राखीव राहील. दारावर पहारा ठेवायचा, पुरुषांनी आत येऊन बघायचं नाही. आज ऐकताना ही बंधनं वाटतात, आणि होतीही. पण यातली एक अट मुलींच्या फायद्याची निघाली. वेळ राखीव झाला. कुणी दांडगाईनं येऊन ‘सरका, आम्हाला खेळायचंय’ म्हणू शकत नव्हतं.

किंग्स्टन गावातल्या क्वीन्स विद्यापीठातही त्याच दशकात मुलींनी आपले संघ काढले. कपडे कसले, तर घोट्यापर्यंतचे लोकरीचे घागरे. चकती घागऱ्याच्या घेरात शिरली की शोधत बसायचं. गोल राखणारी खाली बसून घेर पसरायची आणि चकती अडवायची. आपली बाई नऊवारीचा काष्टा मारून भातलावणीच्या चिखलात उतरते तेव्हा पाय मोकळे असतात. त्या मुलींना ती सोय नव्हती. त्यांनी अडचणीचंच हत्यार केलं.

आता दातांची गोष्ट. 1927 साली याच क्वीन्स विद्यापीठाच्या मुलींच्या संघात एलिझाबेथ ग्रॅहम नावाची मुलगी गोल राखत होती. ती तलवारबाजीत वापरतात तो जाळीचा मुखवटा तोंडाला लावून मैदानात उतरली. असं सांगतात की तिच्या वडिलांनी तिच्या दातांवर बराच खर्च केला होता, म्हणून तिनं ही काळजी घेतली. हॉकीत गोलरक्षकानं मुखवटा लावल्याची ही पहिली नोंद मानतात. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धेत जॅक प्लांट या गोलरक्षकानं 1 नोव्हेंबर 1959 रोजी तोंडावर चकती बसून टाके पडल्यावर मुखवटा चढवला आणि मग तो नेहमी वापरू लागला. म्हणजे 32 वर्षांनी. आज जगातला प्रत्येक गोलरक्षक मुखवटा लावतो, पण नाव निघतं ते प्लांटचं. घरात बाईनं काढलेली युक्ती पुढे कुणाच्या नावावर खपते, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

1930 चं दशक हा या मुलींचा बहराचा काळ. प्रेस्टन नावाच्या छोट्या गावातल्या मुलींनी 1931 साली एक संघ उभा केला, रिव्ह्युलेट्स. उन्हाळ्यात त्या सॉफ्टबॉल खेळायच्या, हिवाळ्यात काय करायचं म्हणून हॉकीकडे वळल्या. दहा वर्षं त्यांनी देश गाजवला. लोक तिकीट काढून बघायला यायचे.

आणि मग सगळं थांबलं. 1939 साली दुसरं महायुद्ध लागलं. प्रवासाला पेट्रोल मिळेना, संघ मोडले. युद्ध संपल्यावर पुरुष परत आले, मैदानं पुन्हा भरली, पण बायकांचे तास परत आले नाहीत. ते तास मुलग्यांच्या संघांना देऊन झाले होते. कुणी बंदीचा हुकूम काढला नाही, कुणी भांडलं नाही. वेळापत्रकातून नाव गळलं, एवढंच. पुढच्या पिढीतल्या मुलींना तर ठाऊकही नव्हतं की आपल्या आज्या हा खेळ खेळत होत्या.

किती ठाऊक नव्हतं, ते बघा. 1950 च्या दशकाच्या मध्यावर टोरांटो शहरात आठ-नऊ वर्षांच्या अ‍ॅबी हॉफमननं केस आखूड कापून, ‘अ‍ॅब’ असं मुलग्यासारखं नाव सांगून मुलांच्या संघात प्रवेश घेतला. छान खेळली, निवडक खेळाडूंच्या संघात तिची वर्णी लागली. तेव्हा जन्माचा दाखला मागितला आणि ती मुलगी असल्याचं उघड झालं. ज्या देशात साठ वर्षांपूर्वी विद्यापीठातल्या मुली उघडपणे खेळत होत्या, तिथे आता एका पोरीला मुलगा बनून खेळावं लागलं. हीच अ‍ॅबी पुढे धावपटू झाली आणि चार ऑलिम्पिकमध्ये धावली. 1982 पासून कॅनडातल्या महिलांच्या राष्ट्रीय हॉकी स्पर्धेचा चषक तिच्या नावानं दिला जाऊ लागला.

पुन्हा उभं राहायला मदत झाली ती कागदाची. अमेरिकेत 1972 साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलगी आहे म्हणून कुणाला डावलता येणार नाही. त्याचा फायदा खेळांनाही झाला. मैदान, प्रशिक्षक, प्रवासखर्च यांचा हिशेब मुलींना मागता येऊ लागला. 1990 साली ओटावात महिलांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. कॅनडाच्या मुलींना चक्क गुलाबी कपडे दिले होते. त्या गुलाबी कपड्यांतच त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. 1998 साली जपानमधल्या नागानोत महिलांची आइस हॉकी ऑलिम्पिकमध्ये आली. आणि कॅनडातल्या विद्यापीठांच्या मुलींची राष्ट्रीय स्पर्धा? तीही सुरू झाली 1998 सालीच. मॅकगिलच्या मुलींनी पहिल्यांदा बर्फ मागितला त्याला तोवर शंभर वर्षं होऊन गेली होती.

तुम्ही म्हणाल, हे सगळं लांबचं. तर आता आपल्या देशात या. लडाखमध्ये हिवाळ्यात दोन-अडीच महिने तळी गोठतात. तिथल्या मुली हा खेळ खेळतात. सुरुवातीला भावाचे, शेजारच्या मुलांचे स्केट मागून आणायचे, मापाचे नसले तर आत कापड कोंबायचं. सरावाला मुलांचं झाल्यावर उरलेला वेळ. तरी 2016 साली भारताचा महिला संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तैवानमध्ये. बहुतेक मुली लडाखच्याच होत्या. सगळे सामने हरल्या. पुढच्या वर्षी, 2017 साली, बँकॉकमध्ये त्यांनी फिलिपाइन्सला 4-3 असं हरवलं. हा त्यांचा पहिला विजय. आणि 2025 साली संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषकात भारतानं कांस्यपदक आणलं. नऊ वर्षांत शून्यावरून पदकापर्यंत, तेही वर्षातले दहा महिने पायाखाली बर्फ नसताना.

मैत्रिणींनो, या इतिहासातून मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलींमध्ये जोर नव्हता असं कधीच झालं नाही. 1895 ला होता, 1935 ला होता, आजही आहे. फरक पडला तो एवढ्यानं की त्यांचा तास कुठे लिहिलेला होता की नव्हता. जिथे लिहिलेला होता तिथे खेळ टिकला. जिथे नुसता कुणाच्या मर्जीवर होता तिथे एका लढाईनं पुसला गेला.

आपल्याकडे बर्फ नाही, पण मैदानं आहेत. शाळेचं आहे, सिडकोनं सोडलेली मोकळी जागा आहे, देवळापुढचं पटांगण आहे. संध्याकाळी तिथे कोण असतं ते एकदा जाऊन पाहा. क्रिकेट खेळणारी मुलं असतात आणि कडेला उभ्या असतात मुली. त्यांना कबड्डी येते, खो-खो येतो, लंगडी येते. त्यांना कुणी हाकललेलं नसतं, पण त्यांचा वेळ असा कुठला ठरलेला नसतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आठवड्यातले दोन दिवस, संध्याकाळी पाच ते सहा, मैदान मुलींसाठी. शाळेला अर्ज द्या, नगरसेवकाला द्या, आणि पोच घ्या. होकार मिळाला की वेळ फलकावर लिहून लावा आणि गटाच्या वहीतही नोंदवा, तारखेसकट. सुरुवातीचे काही आठवडे गटातल्या दोघी-तिघींनी कडेला बसावं, म्हणजे कुणी तो तास बळकावणार नाही. परीक्षा आली, पाऊस आला, मैदानावर लग्नाचा मांडव पडला, तर खेळ चार दिवस थांबेल. पण मांडव निघाला की तो तास पुन्हा मुलींचाच आहे, हे वहीत दाखवता आलं पाहिजे.