डोक्यावर कर्ज असताना सहलीला जावं का? आधी हा हिशेब मांडा

सोयाबीन विकून पैसे हातात आले, शेतातली कामं जरा उरकली की घरात विषय निघतो, यंदा कुठंतरी जाऊन येऊ. कुणाला अष्टविनायक करायचे असतात, पोरांना समुद्र बघायचा असतो. त्याच वेळी सोसायटीचं पीककर्ज, गटाचा हप्ता, गाडीचा हप्ताही उभा असतो. पण पूर्ण कर्जमुक्त व्हायची वाट बघत बसलं तर म्हाताऱ्या आईला पंढरपूर कधी दिसणार? म्हणून आधी दोन गोष्टी तपासा. कर्ज कोणतं आहे आणि सहलीचा पैसा कुठून येणार आहे.

पीककर्जाचं गणित वेगळं आहे. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शून्य टक्क्याने पडतं. मुदत चुकली की ही सवलत जाते. १ लाखाच्या कर्जावर वर्षाचं व्याज ७ टक्क्यांनी धरलं तरी ७ हजार होतात. म्हणजे भरण्याचे पैसे सहलीत घातले तर सहलीच्या खर्चावर हे ७ हजार आणखी बसले. पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं ते वेगळंच. मुदतीची नेमकी तारीख बँकेत किंवा सोसायटीच्या सचिवाला विचारून घ्या. तेवढी रक्कम बाजूला काढून काही उरत असेल, तर खुशाल जा.

सावकाराचे पैसे असतील तर मात्र सहल पुढं ढकललेलीच बरी. शेकडा ३ रुपये महिना ऐकायला कमी वाटतं, पण ते वर्षाला ३६ टक्के होतात. सहलीचे २० हजार त्या कर्जात भरले, तर वर्षाला ७,२०० रुपये व्याज वाचतं. मायक्रोफायनान्सचे हप्ते थकले असतील तरी तेच. थकलेला हप्ता सिबिलवर दिसतो आणि उद्या ट्रॅक्टरला कर्ज मागायला गेल्यावर आडवा येतो.

सहलीसाठीच नवं कर्ज काढणं, मोबाईल ॲपवरून असो की सोनं गहाण ठेवून, हा सगळ्यात महागडा प्रवास. चार दिवसांची मजा आणि वर्षभर हप्ते. ॲपवाला प्रोसेसिंग फी आधीच कापून घेतो, म्हणजे हातात कमी येतात आणि फेडायचे पूर्ण. शेजारी गोव्याला जाऊन आले म्हणून तर कर्ज काढूच नका. त्यांचे हप्ते स्टेटसवर दिसत नाहीत.

जायचंच ठरलं तर खर्च कमी करता येतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत. त्यामुळे आजी-आजोबा, सून आणि लेक असं कुटुंब निघालं, तर भाड्याच्या गाडीपेक्षा एसटी बरीच स्वस्त पडते. सलग फिरायचं असेल तर एसटीचा ४ आणि ७ दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही मिळतो. पंढरपूर, शेगाव, तुळजापूरला भक्तनिवास आहेत. एकादशी, यात्रा आणि सुट्ट्यांचे दिवस टाळले की खोलीही मिळते आणि दर्शनाची रांगही कमी असते.

निघण्याआधी पुढच्या दोन महिन्यांचे हप्ते खात्यात ठेवा. हप्त्याची तारीख प्रवासात येत असेल तर आधीच भरून टाका, कारण खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला तर बँक दंड लावते.