क्षणजीवी बोलांचे दप्तर

मनुष्याची वाणी तारेतून दूर नेण्याची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८७६ साली साधली, आणि तीच वाणी कथलाच्या वर्खावर धरून ठेवणारे यंत्र एडिसन यांनी पुढल्याच वर्षी घडविले. इतकेच नव्हे, तर १८७८ साली त्या यंत्राचे संभाव्य उपयोग सांगताना टेलिफोनवरील संभाषणाची कायम नोंद हाही त्यांनी आवर्जून गणला. पत्राची नक्कल दप्तरात राहते, तारेचा कागद हाती उरतो. टेलिफोनवर दिलेला शब्द मात्र कानी पडतो न पडतो तोच विरून जातो, ही उणीव जाणत्यांना आरंभापासूनच बोचत होती.

ती दूर करण्याचा मान द्यावयाचा तर तो, माझ्या मते, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम केलेल्या वाल्डेमार पौलसेन यांना दिला पाहिजे. घरी कोणी नसताना आलेला निरोप यंत्रानेच टिपून ठेवावा, या हेतूने त्यांनी १८९८ साली ‘टेलिग्राफोन’चे पेटंट घेतले: नळकांड्याभोवती गुंडाळलेल्या पोलादी तारेलगत विद्युच्चुंबक सरकत जाई आणि स्वराच्या चढउतारांबरहुकूम ती तार ठिकठिकाणी कमीअधिक चुंबकित होई. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ या यंत्रापुढे बोलले. पण आवाज वाढविण्याचे साधन तेव्हा नसल्यामुळे तारेतून निघणारा स्वर क्षीण राहिला, आणि एवढ्या मोठ्या कल्पनेचा व्यापार बुडाला.

पुढे चुंबकीय फीत आली, तसा नोंदीहून नोंदीच्या भयाचा प्रश्न मोठा झाला. आपले बोलणे कोणी टिपून घेईल या धास्तीने लोक टेलिफोनच टाकतील, अशी शंका अमेरिकेतील टेलिफोन कंपनीस आली. आणि १९४७ साली तेथील संघीय आयोगाने फर्मान काढले, की संभाषण नोंदले जात असल्यास सुमारे पंधरा सेकंदांनी एकदा सूचक नाद ऐकू आला पाहिजे. तो हुकूम मला न्याय्य वाटतो, कारण बोलणे दोघांचे असते.

ऑगस्ट २००३ मध्ये इंटरनेटवरून बोलण्याची सोय देणारे ‘स्काइप’ अवतरले. त्याचे प्रवर्तक दोघे, निकलास झेनस्ट्रॉम हे स्वीडनचे आणि यानुस फ्रीस हे पौलसेन यांच्याच डेन्मार्कचे. बांधणी मुख्यतः एस्टोनियातील कारागिरांची. येथे वाणी प्रवासाला निघण्यापूर्वीच अंकांत रूपांतरित होते, तेव्हा तिची नक्कल ठेवणे सहज असावे असे वाटेल. पण बोलणे मधल्या कोणत्याही कचेरीत न थांबता बहुधा एका संगणकाकडून थेट दुसऱ्याकडे जाई, म्हणून नोंद ज्याची त्यानेच करावयाची. त्यातही आपला स्वर मायक्रोफोनच्या वाटेने आणि पलीकडचा स्वर कर्णयंत्राच्या वाटेने जात असल्यामुळे साध्या ध्वनिमुद्रकात केवळ आपलेच प्रश्न उतरत आणि उत्तरांच्या जागी शांतता राही. मग ‘पामेला’सारखी उपकरणे आली, जी दोन्ही प्रवाह एकत्र करून एमपी३ फाइल हाती देत, डाव्या कानी एक व उजव्या कानी दुसरा, अशी विभागणी साधली म्हणजे मुलाखत नभोवाणीसाठी स्वच्छ करणाऱ्याचे अर्धे कष्ट वाचत.

भारतात इंटरनेटवरून बोलण्याची मुभा १ एप्रिल २००२ पासून मिळाली. ट्रंक कॉलची मिनिटे मोजणाऱ्या मराठी घरांना परदेशी लेकीशी तासभर बोलता येऊ लागले, आणि त्या बोलण्यांत आजीने सांगितलेल्या पाककृती, वंशावळी, ओव्या किती वाहून गेल्या असतील, या विचाराने मन खिन्न होते.

स्काइपने स्वतःची नोंदसोय २०१८ साली दिली. आता ध्वनिलेख कंपनीच्या दूरस्थ संगणकावर तयार होई, आणि नोंद चालू आहे ही सूचना सर्वांस मिळे. जुन्या नादाचाच तो वारस. लेख तेथे राहण्याची मुदत मात्र तीस दिवस होती, आणि ५ मे २०२५ रोजी खुद्द स्काइपच बंद झाले. त्या तीस दिवसांत ज्यांनी फाइल आपल्या संगणकावर उतरवून घेतली, त्यांच्यापाशी आवाज असेल. सम्राटांचे १९०० सालचे शब्द मात्र आजही डेन्मार्कमध्ये जतन केलेले आहेत.