झरणीची वटवाघळे आणि कायद्याचे परिशिष्ट

बीदर तालुक्यातील जनवाड्याकडून बीदरास येणारा भाविक झरणी नरसिंहाच्या दर्शनावाचून क्वचितच परततो. टेकडीच्या पोटातील सुमारे ३०० मीटर लांबीचा तो भुयारी मार्ग कंबरभर, कोठे छातीभर पाण्यातून चालावा लागतो. हिरण्यकशिपूच्या वधानंतर नरसिंहाने झरासुरास मारले व तो दैत्य पाणी होऊन देवाच्या चरणांशी वाहू लागला, अशी आख्यायिका आहे. पायाखाली दैत्य, समोर देव, आणि माथ्यावर छताला लोंबकळणारी वटवाघळे! स्थळमाहात्म्य सांगताना या तिसऱ्या रहिवाशाचा उल्लेख सहसा राहून जातो.

कायद्याने मात्र त्याचा उल्लेख केला, आणि तो फारसा गौरवाचा नव्हता. वन्य प्राण्यांविषयी पूर्वी प्रत्येक राज्याचे निरनिराळे कायदे असत. बीदर तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. पुढे अनेक विधिमंडळांनी ठराव केल्यावर संसदेने १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा केला. त्याच्या पाचव्या परिशिष्टात कावळा, उंदीर व घुशी यांच्या पंक्तीस फळे खाणारी वटवाघळे बसविली गेली. हे 'उपद्रवी' प्राणी कोणीही परवान्यावाचून मारावेत, असा त्याचा अर्थ. फळबागांचे नुकसान, हे त्याचे कारण. रात्रीच्या काळोखात फुलांचे परागीकरण कोण करतो आणि दूरवर बी कोण टाकतो, याचा हिशेब त्या यादीत धरलेला नव्हता. किडे खाणाऱ्या बहुतेक जातींची तर त्या कायद्याच्या कोणत्याच परिशिष्टात नोंद नव्हती. आणि गुहेत राहणाऱ्यांत पुष्कळ जाती याच.

याला एक ठळक अपवाद आपल्या सीमाभागातीलच आहे. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळील बारापेडे गुहेतील एका वटवाघळाचे वर्णन लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली प्रसिद्ध केले व त्यास रॉटन यांचे नाव दिले. पुढे या जातीस पहिल्या परिशिष्टाचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण मिळाले. ते अरण्य २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झाले. एकाच कुळातील एक जात वाघाच्या पंक्तीस, तर दुसरी उंदराच्या! २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांचे परिशिष्ट वगळले आणि १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आली. तथापि ठरावीक प्रदेशात व मुदतीपुरते एखाद्या प्राण्यास उपद्रवी ठरविण्याचा केंद्र सरकारचा अधिकार कलम ६२ अन्वये आजही आहे.

आता हे गावोगाव सांगावे कोणी? २२ नोव्हेंबर १९९१ रोजी मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्यास व चित्रपटगृहांत त्याविषयीच्या पट्ट्या दाखविण्यास फर्माविले. जीवमात्राविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून घटनेच्या अनुच्छेद ५१ क मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने आलेच होते. परंतु परिशिष्टांचे आकडे उलगडून सांगण्याचे काम पट्टीने होत नाही. ते कायद्याच्या विद्यार्थ्यांचे आहे, असे आम्हांस वाटते. बीदर भागात कन्नड, मराठी, तेलुगू व उर्दू अशा चार भाषा एका बाजारात ऐकू येतात. वकिलीची सनद मिळण्यापूर्वीच ज्याने जनवाड्याच्या पारावर बसून 'उपद्रवी' या शब्दाचा इतिहास या चारांपैकी दोन भाषांत सांगितला, त्याची ती पहिली उलटतपासणी ठरेल. पारावरचा आंबेवाला शेतकरी विचारीलच, "माझ्या आंब्यांचे काय?" त्याचे उत्तर त्या विद्यार्थ्यापाशी तयार असले पाहिजे.