भरतीचं गाणं: ‘पॅरनॉइड’चा मागोवा

अल्बमची लांबी कमी पडत होती. हेवी मेटलमधलं बहुधा सगळ्यांत ओळखीचं गाणं जन्माला यायला एवढंच कारण पुरलं. १९७०च्या जूनमध्ये ब्लॅक सॅबथ लंडनमध्ये आपला दुसरा अल्बम रेकॉर्ड करत होते. निर्माता रॉजर बेन याला आणखी तीनेक मिनिटांचं काहीतरी हवं होतं. बाकीचे खायला-प्यायला बाहेर पडले, टोनी आयोमी गिटार घेऊन मागे थांबला आणि मंडळी परतेपर्यंत त्याच्याकडे रिफ तयार होता. बटलरनं, म्हणजे बास वाजवणाऱ्या गीझरनं, तिथल्या तिथे शब्द खरडले. ऑझी ऑस्बॉर्ननं कागदात बघत ते गायले. बिल वॉर्डनं ड्रम्स धरले. बटलरच्या मनात मात्र खुटखुट होती. हे लेड झेपलिनच्या ‘कम्युनिकेशन ब्रेकडाउन’च्या फारच जवळ जातंय, असं त्याला वाटत होतं.

ही चौकडी बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली. आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. प्लास्टिक वितळवून बनवलेल्या टोप्या घालून तो वाजवायचा. रेडिओवर लागतील अशी छोटी गाणी बांधणं हा त्यांचा पिंडच नव्हता. १९७०च्या सुरुवातीला आलेलं त्यांचं पहिलं सिंगल ‘ईव्हिल वुमन’ हे क्रो नावाच्या अमेरिकी बँडचं गाणं होतं. तेही चाललं नाही. त्यांना अभिमान होता तो ‘वॉर पिग्ज’सारख्या आठ मिनिटांच्या गाण्यांचा. पण सात इंची, ४५च्या वेगानं फिरणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं बसवायची रीत होती. पावणेतीन मिनिटांचं ‘पॅरनॉइड’ तिथे आयतंच बसलं.

व्हर्टिगो कंपनीनं ते १९७०च्या उन्हाळ्यात, अल्बमच्या आधी, बाजारात आणलं. मागच्या बाजूला पहिल्या अल्बममधलं ‘द विझर्ड’ होतं. ऑक्टोबरपर्यंत ब्रिटनच्या यादीत गाणं चौथ्या क्रमांकावर पोचलं, जर्मनीत तर पहिल्या. मग सूत्रं फिरली. अल्बमचं नाव ‘वॉर पिग्ज’ ठेवायचं घाटत होतं, ते बदलून चालत्या गाण्याचं नाव दिलं गेलं. मुखपृष्ठ मात्र आधीच झालं होतं. त्यामुळे आजही ‘पॅरनॉइड’च्या कव्हरवर ढाल-तलवार घेतलेला, गुलाबी झळाळीत धावून येणारा एक माणूस दिसतो. त्याचा त्या नावाशी काडीचाही संबंध नाही. तो ‘वॉर पिग्ज’चा योद्धा आहे.

सिंगल गाजलं आणि बँड ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या बीबीसीच्या कार्यक्रमात झळकला. त्या पाठोपाठ मैफिलींना किंचाळणाऱ्या पोरींची गर्दी होऊ लागली, आणि ती या चौघांना मानवली नाही. आपण अल्बमचा बँड आहोत, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. ब्रिटनमध्ये पुढचं सिंगल थेट १९७२मध्ये, ‘टुमॉरोज ड्रीम’. तिकडे जर्मनीत सिंडी आणि बर्ट या गोडगोड गाणी गाणाऱ्या जोडीनं तोच रिफ उचलला आणि त्यावर शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिलच्या कुत्र्याचं गाणं बसवलं. अमेरिकेत उलटच घडलं. तिथे सिंगल ६१व्या क्रमांकाच्या वर सरकलं नाही, पण १९७१च्या जानेवारीत आलेला अल्बम १२व्या क्रमांकापर्यंत गेला. बँडचं म्हणणं तिथे खरं ठरलं.

या कथेतला सगळ्यांत मजेदार वळसा १९८०चा. ऑझीला आदल्या वर्षीच बँडमधून काढलं होतं. त्याच्या जागी आलेल्या रॉनी जेम्स डिओबरोबर ‘हेवन अँड हेल’ हा नवा अल्बम आला, आणि त्यातलं ‘निऑन नाइट्स’ हे सिंगल ब्रिटनमध्ये २२व्या क्रमांकावर पोचलं. जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क होते नेम्स कंपनीकडे. तिनं त्याच उन्हाळ्यात दहा वर्षांपूर्वीचं ‘पॅरनॉइड’ पुन्हा काढलं. ते गेलं १४व्या क्रमांकावर! नव्या गायकाच्या नव्या गाण्यापेक्षा घालवून दिलेल्या गायकाचं जुनं गाणं सरस ठरलं, तेही बँडच्याच नावावर. डिओलाही ते टाळता आलं नाही. ‘लाइव्ह ईव्हिल’ या अल्बमवर त्याच्या आवाजातलं ‘पॅरनॉइड’ आहे. इकडे ऑझीही स्वतःच्या कार्यक्रमांत ते गात होता. म्हणजे काही काळ एकाच गाण्याचे दोन वारसदार दोन मंचांवर उभे होते.

इतक्या हातांतून गेलं तरी गाणं झिजलं नाही, याचं एक कारण त्याच्या बांधणीत आहे. त्यात फाफटपसारा नाही: एक रिफ, थोडी कडवी, मध्ये छोटा सोलो. अल्बमची स्टीरिओ प्रत हेडफोन लावून ऐका. सोलोच्या वेळी एका बाजूला गिटारचा साधा स्वर येतो आणि दुसऱ्या बाजूला रिंग मॉड्युलेटरमधून गेलेला, खरखरीत, धातू घासल्यासारखा. घाईत केलेल्या कामात एवढी एक चैन त्यांनी केली. बाकी सगळं कोणत्याही बँडला उचलता येण्याजोगं. १९९४मध्ये सॅबथच्या गौरवासाठी निघालेल्या अल्बममध्ये मेगाडेथनं तेच निवडलं.

बँडनंही शेवटी त्या गाण्याशी जुळवून घेतलं. २००२मध्ये राणीच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या बागेत, २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या समारोपात, ऑझी आणि आयोमी यांनी हेच वाजवलं. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधल्याच व्हिला पार्कवर मूळ चौघं अखेरचे एकत्र आले. १७ दिवसांनी ऑझी गेला. त्या संध्याकाळी सॅबथनं चारच गाणी वाजवली. सुरुवात केली ‘वॉर पिग्ज’नं, समारोप ‘पॅरनॉइड’नं. अल्बमला कोणाचं नाव द्यायचं हा पंचावन्न वर्षांपूर्वीचा वाद कंपनीनं केव्हाच निकालात काढला होता. मैफल कशानं संपवायची हे मात्र बँडनं स्वतः ठरवलं होतं, आणि त्यांचंही उत्तर तेच निघालं.