बिबोंगच्या शिखरावरचा शिलालेख

दक्षिण कोरियाची राजधानी सोल. तिच्या उत्तर सीमेवर बुखानसान हा उघड्याबोडक्या ग्रॅनाइटचा डोंगर उभा आहे. त्याचे सर्वोच्च शिखर सुमारे ८३६ मीटर उंचीचे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाचा आहे तो नैऋत्येकडच्या धारेवरचा, ५६० मीटर उंचीचा एक सुळका. त्याचे नाव बिबोंग. कोरियन भाषेत 'बी' म्हणजे कोरीव लेखाचा दगड आणि 'बोंग' म्हणजे शिखर. म्हणजे माथ्यावर लेख आहे हे लोकांना ठाऊक होते, डोंगराला नावही त्यावरूनच मिळाले होते. तो लेख कोणाचा, याचे उत्तर मात्र कित्येक पिढ्या चुकीचे दिले जात होते.

सर्वसाधारण समज असा होता की, हा दगड भिक्खू मुहाकशी संबंधित आहे. १३९२ मध्ये यी सॉंग-गे या सेनापतीने जोसॉन राजवंशाची स्थापना केली आणि १३९४ मध्ये राजधानी आजच्या सोलच्या जागी आणली. या राजाचा सल्लागार म्हणजे मुहाक. दंतकथा सांगते की, राजधानीसाठी जागा धुंडाळत मुहाक वाट चुकून या शिखरावर पोहोचला, तेव्हा त्याला एक दगड दिसला. त्यावर कोरले होते, 'मुहाक चुकून येथवर येईल.' हे भाकीत पाच शतके आधी होऊन गेलेल्या दोसॉन या भिक्खूने करून ठेवले होते म्हणे! भूमीची लक्षणे पाहून शुभाशुभ सांगणारा म्हणून दोसॉनची ख्याती होती. कथा इतकी बेतशीर होती की, दगडाजवळ जाऊन ती पडताळून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

या सुळक्याकडे जाणारी एक जुनी वाट सुंगगासा या बौद्ध मंदिरावरून जाते. परंपरेनुसार हे मंदिर ७५६ मध्ये सुते नावाच्या भिक्खूने स्थापन केले. मंदिराचे नाव ज्याच्यावरून पडले तो सुंगगा, म्हणजे चिनी उच्चारात सेंगच्ये, मूळचा मध्य आशियातला. तो तांग राजवटीच्या काळात चीनमध्ये आला, ७१० मध्ये वारला आणि पुढे अवलोकितेश्वराचा अवतार म्हणून पूजला जाऊ लागला. मंदिराच्या आवारातील एका लहानशा गुहेत त्याची पाषाणमूर्ती आहे. तिच्या प्रभावळीच्या मागील लेखावरून ती १०२४ सालची ठरते. मंदिराच्या वरच्या बाजूला प्रचंड कातळात सुमारे ५ मीटर उंचीचा बसलेला शाक्यमुनी कोरला आहे आणि त्याच्या मस्तकावर अष्टकोनी दगडी छत्र बसवले आहे. पाऊस आणि वितळणारा बर्फ चेहऱ्यावर ओघळू नये, एवढी काळजी गोर्यो काळातल्या कारागिरांनी घेतली. शिखरावरच्या लेखाचे छत्र मात्र केव्हाच नाहीसे झाले होते.

१८१६ मध्ये, चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात, किम जॉंग-हुई हा तिशीतला विद्वान किम ग्यॉंग-यॉन या मित्रासह सुंगगासाला आला आणि तेथून बिबोंगवर चढला. 'छुसा' या टोपणनावाने तो कोरियाच्या सुलेखनाच्या इतिहासात अजरामर आहे. हा चढ त्याने केला तेव्हा त्याच्याजवळ एक विशेष तयारी होती. १८०९ च्या अखेरीस तो वडिलांबरोबर राजदूतांच्या पथकातून बीजिंगला गेला होता. तेथे वेंग फांगगांग आणि रुआन युआन या श्रेष्ठ चिनी पंडितांशी त्याची गाठ पडली. जुन्या ग्रंथातील विधान खरे मानण्याआधी ते धातूवर किंवा दगडावर कोरलेल्या समकालीन लेखांशी ताडून पाहावे, हा त्या पंडितांचा आग्रह. किम जॉंग-हुई मायदेशी परतला तो हा आग्रह घेऊनच.

शिखरावर पोहोचल्यावर काय घडले, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. दगड शेवाळाने इतका झाकला होता की, त्यावर काही कोरलेले असेल असे वाटतच नव्हते. पण हात फिरवला तेव्हा बोटांना अक्षरांचे खाचखळगे जाणवले. उन्हाचा कवडसा शेवाळावर पडला होता. निरखून पाहता शेवाळ अक्षरांच्या वळणांत शिरलेले दिसत होते आणि त्यामुळेच तुटक्या रेषा पुसट का होईना ओळखू येत होत्या. त्याने कागद लावून ठसा घेतला. उत्तरेकडच्या ह्वांगछो खिंडीतील एका प्राचीन लेखाचा ठसा त्याच्या अभ्यासातला होता. अक्षरवळण त्याच्याशी जुळत होते. पहिल्या ओळीतले एक अक्षर झिजलेले होते. पुन्हा पुन्हा ठसे घेतल्यावर ते 'जिन' हे अक्षर असल्याची खात्री पटली. पुढचे अक्षर 'हुंग'. म्हणजे सिल्ला राज्याचा राजा जिनहुंग, कारकीर्द ५४० ते ५७६. दगड मुहाकच्या काळाहून आठ शतकांनी जुना होता.

पुढच्या वर्षी तो जो इन-यॉंग या मित्राला घेऊन पुन्हा वर गेला. दोघांनी अक्षर न् अक्षर तपासून ६८ अक्षरे निश्चित केली. मूळ लेखात १२ ओळी होत्या. वाऱ्यापावसाने त्यांतला मोठा भाग खाऊन टाकला होता.

उरलेल्या अक्षरांत तरी काय होते? जिनहुंग महाराज आपल्या मंत्रिगणांसह राज्याच्या सीमांचा दौरा करीत असतानाची ही नोंद, असे पहिली ओळ सांगते. त्या काळी कोरियन द्वीपकल्पात गोगुर्यो, बेक्जे आणि सिल्ला ही तीन राज्ये एकमेकांच्या उरावर बसलेली होती. ५५१ मध्ये सिल्ला आणि बेक्जे यांनी मिळून गोगुर्योकडून हान नदीचे खोरे जिंकले. दोनच वर्षांत जिनहुंगने आपल्या या मित्राचाही वाटा बळकावला. सूड घ्यायला निघालेला बेक्जेचा राजा सॉंग ५५४ मध्ये लढाईत मारला गेला. बिबोंगच्या माथ्यावरून तेच हान नदीचे खोरे पायाखाली पसरलेले दिसते. कातळाला पायऱ्यांसारखा चौथरा खोदून त्यात तासलेली शिळा रोवली, ती प्रजेने वाचावी म्हणून नव्हे, हे तो चढ चढणाऱ्याला सहज पटते. इतक्या अडचणीच्या जागी वाचक कोठून येणार? ही भूमी आता कोणाची, हे आभाळाला आणि डोंगराच्या दैवतांना ऐकवण्याचा तो प्रकार असावा.

त्याच लेखात एका गुहेत राहणारा भिक्खू राजाला भेटल्याचा ओझरता उल्लेखही आहे. जिनहुंगच्या दौऱ्यांत भिक्खूंना मानाचे स्थान असे. उत्तरेकडील लेखांत राजाच्या सोबत्यांच्या यादीत पहिली नावे भिक्खूंचीच आहेत. हा राजा स्वतःला बौद्ध चक्रवर्तीच्या साच्यात घडवू पाहत होता. उतारवयात त्याने मुंडन करून चीवर धारण केले. तेराव्या शतकातील 'सामगुक युसा' या ग्रंथातली एक कथा तर थेट आपल्याकडे येऊन पोहोचते. सम्राट अशोकाला बुद्धमूर्ती ओतायची होती, पण ती साधेना. तेव्हा त्याने लोखंड आणि सोने जहाजावर लादून समुद्रात सोडून दिले. ते जहाज सिल्लाच्या किनाऱ्याला लागले आणि त्या धातूतून जिनहुंगच्या ह्वांगन्यॉंगसा मंदिरातील भव्य मूर्ती घडली. अशोक आणि जिनहुंग यांच्यात आठ शतकांचे अंतर, त्यामुळे कथा म्हणून ती अशक्यच. पण कोरियन राजाला आपली परंपरा कोणाशी जोडाविशी वाटत होती, याचा हा पुरावा उत्तम आहे.

योगायोग असा की, बिबोंगच्या वाचनानंतर २१ वर्षांनी, १८३७ मध्ये, जेम्स प्रिन्सेपने त्याच अशोकाचे ब्राह्मी लेख उलगडले. तोवर अशोकाच्या स्तंभांना भीमाची काठी किंवा गदा म्हणणारे लोक होते. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री आणि उषवदात यांची नावे ठळक कोरलेली असूनही ती पांडवलेणी म्हणून ओळखली गेली. मात्र या दोन घटनांत एक मोठा फरक आहे. ब्राह्मी वाचणारा कोणी उरलाच नव्हता. बिबोंगचा लेख चिनी अक्षरांत आहे, आणि जोसॉन काळातला प्रत्येक सुशिक्षित माणूस ती अक्षरे लहानपणापासून गिरवत असे. लिपी कोणी विसरले नव्हते. शेवाळावरून हात फिरवायचा तेवढा राहिला होता.

किम जॉंग-हुईचे काम ओळख पटवून थांबले नाही. लेखात 'नामछॉन' या प्रांताच्या सेनाधिकाऱ्याचा उल्लेख आहे. इतिहासग्रंथानुसार नामछॉन प्रांत ५६८ मध्ये स्थापन झाला. तेव्हा शिळा त्यानंतरचीच असली पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद. शिळेचे नेमके वर्ष यावर अभ्यासकांत आजही वाद आहे, पण बारा-तेरा शतकांपूर्वीच्या झिजक्या दगडातून काळाची खालची मर्यादा काढण्याची ही रीत आजच्या पुराभिलेखशास्त्रालाही परकी वाटणार नाही.

एक गोष्ट मात्र आज कोणी केली तर थेट तुरुंगात जाईल. या महापंडिताने आपल्या शोधाची नोंद त्याच शिळेच्या कडेवर कोरली! हा सिल्लाच्या जिनहुंग महाराजांच्या दौऱ्याचा लेख आहे आणि किम जॉंग-हुई व किम ग्यॉंग-यॉन यांनी येऊन तो वाचला, अशा आशयाची. दुसऱ्या भेटीत ६८ अक्षरांची नोंदही तशीच कोरली गेली. प्राचीन दगडाशी केलेला हा व्यवहार समर्थनीय नाही. पण तोही आता दोनशे वर्षे जुना पुरावा होऊन बसला आहे.

विसाव्या शतकात कोरियन युद्धाच्या गोळ्यांच्या खुणाही शिळेवर उमटल्या. १९६२ मध्ये तिला तिसऱ्या क्रमांकाची राष्ट्रीय ठेव म्हणून घोषित करण्यात आले आणि आणखी झीज होऊ नये म्हणून १९७२ मध्ये ती शिखरावरून उतरवली गेली. आज ती सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. २००६ पासून बिबोंगच्या माथ्यावर तिची प्रतिकृती उभी आहे. सुंगगासाच्या वाटेने हातापायांवर सुळका चढून येणारे गिर्यारोहक तिच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढतात. तिच्या पायथ्याचा कातळात खोदलेला चौथरा मात्र मूळचाच, जिनहुंगच्या कारागिरांच्या हातचा आहे.